मुळाचा मोह

मूळ ते श्रेष्ठ आणि बदली ते कनिष्ठ, हा आपल्या रसिकतेचा एक फार जुना समज आहे. नाटकाच्या जाहिरातीत मुख्य नटाच्या जागी दुसरेच नाव दिसले की तिकीट काढण्यापूर्वीच आपण निम्मे नाराज झालेले असतो. भाषांतर हाती घेतले की त्यात काय आले आहे हे पाहण्याआधी काय निसटले आहे याचा शोध सुरू होतो. या समजात थोडे सत्य आहे आणि पुष्कळसा आळसही आहे. बदली कशाची, कशासाठी आणि कोणत्या जागी, हे तीन प्रश्न विचारण्याचे कष्ट वाचावेत म्हणूनच बहुधा आपण ‘मूळ ते मूळ’ असे म्हणून मोकळे होतो.

या समजाची परीक्षा घेण्यासाठी मी मुद्दामच वाङ्मयाबाहेरचे उदाहरण निवडले आहे. वाङ्मयात टीकाकाराचा निवाडा चुकला तर फार तर दोन पत्रे येतात. येथे निवाडा चुकला तर धूर येतो. जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये शेवटच्या टप्प्यावर जे दोन मोठे व्हॉल्व्ह असतात, लाउडस्पीकरला जोर पुरवण्याचे काम ज्यांच्याकडे असते, ते थकले म्हणजे त्यांच्या जागी काय बसवावे, हा तो प्रश्न. वरवर पाहता हा दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचा प्रश्न वाटेल. पण या विषयावर जगभर जेवढे लिहिले आणि भांडले गेले आहे तेवढे पुष्कळ कवींच्याही वाट्याला आलेले नाही, आणि त्या लेखनाची भाषा थेट टीकालेखांचीच आहे. कोणी एखाद्या व्हॉल्व्हचा आवाज ‘रेशमी’ म्हणतो, कोणी ‘उबदार’, कोणाला त्यात ‘खानदानीपणा’ ऐकू येतो. तेव्हा टीकाकाराने या प्रांतात डोकावले तर ती घुसखोरी समजू नये.

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना या वस्तूची ओळख नव्याने करून द्यावयास नको. बटण फिरवावे, पाऊण मिनिट काहीच होऊ नये, मग मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून तांबूस उजेड दिसावा आणि हळूहळू आवाज वर यावा, हे अनेकांच्या स्मरणात असेल. तो तांबूस उजेड म्हणजे व्हॉल्व्हच्या पोटातली तापणारी तार. ती तापली की शेजारच्या नळकांड्यातून, म्हणजे कॅथोडातून, इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि निर्वात पोकळीतून प्लेटकडे धाव घेतात. वाटेत एक बारीक जाळी असते. त्या जाळीवर गाण्याचा दुबळा विद्युत्संकेत येतो आणि इलेक्ट्रॉनांच्या त्या लोंढ्याला कमीजास्त करतो. दुबळ्या हाताने मोठ्या धरणाचा दरवाजा हलवावा, तसा हा प्रकार आहे. कॅथोडावरचा लेप वापराने झिजतो, म्हणून व्हॉल्व्ह कधी ना कधी संपतोच. तो सॉकेटात नुसता खोचलेला असतो, डागलेला नसतो, याचे कारणही तेच. तो बदलावा लागणार हे यंत्र करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

आता एक नेमके यंत्र डोळ्यांसमोर ठेवू. इंग्लंडमधल्या हंटिंग्डन येथे पीटर वॉकर यांच्या कंपनीने १९५३ मध्ये ‘क्वाड टू’ नावाचा अँप्लिफायर बाजारात आणला. शक्ती पंधरा वॅट, म्हणजे घरातल्या दिवाणखान्याला पुरेल इतकीच. शेवटच्या टप्प्यावर केटी६६ नावाचे दोन व्हॉल्व्ह. हे यंत्र फार वर्षे विकले गेले आणि आजही त्याच्या जोड्या लोकांनी जपून ठेवल्या आहेत. पण केटी६६ करणारी एम-ओ व्हॉल्व्ह कंपनी आता नाही; लंडनच्या हॅमरस्मिथ भागातला तिचा कारखाना १९८८ मध्ये बंद झाला. त्या कारखान्याचे न वापरलेले जुने व्हॉल्व्ह आज दागिन्यांसारखे विकले जातात, आणि ज्या वस्तूला दागिन्याची किंमत येते तिच्यात खोट्या मालाचा शिरकाव अटळच असतो. काचेवरची अक्षरे पुसून नवी छापणे हे काही अवघड काम नाही.

अशा वेळी क्वाडचा मालक दोन टोकांच्या मोहांत सापडतो. एक मोह असतो अस्सलाचा: वाटेल तो पैसा मोजून हॅमरस्मिथचीच जोडी मिळवावी. दुसरा मोह असतो वरचढाचा: बदलायचेच आहे तर केटी८८ सारखा दांडगा व्हॉल्व्ह का बसवू नये? या दोन्ही मोहांच्या मुळाशी एकच चुकीची कल्पना आहे, असे माझे म्हणणे आहे. दोन्ही पक्ष व्हॉल्व्हकडे पाहतात. यंत्राकडे कोणीच पाहत नाही.

प्रथम अस्सलाचा पक्ष घेऊ. ज्या केटी६६ ला आपण मूळ म्हणतो त्याची वंशावळ काय आहे? फिलिप्स कंपनीत बर्नार्ड टेलेगेन यांनी १९२६ मध्ये पाच अग्रांचा व्हॉल्व्ह, म्हणजे पेंटोड, शोधून काढला आणि त्याचा हक्क कंपनीने नोंदवून ठेवला. त्या हक्काला वळसा घालता यावा म्हणून इंग्लंडमध्ये ईएमआय कंपनीच्या अभियंत्यांनी, कॅबट बुल आणि सिडनी रोडा हे त्यांतले दोघे, १९३३ मध्ये एक निराळी रचना मांडली. पाचवे अग्र गाळायचे आणि इलेक्ट्रॉनांचे झोत अशा रीतीने बांधायचे की त्या अग्राचे काम झोतांनीच करावे. एम-ओ व्हॉल्व्ह कंपनीने या रचनेचे थोडे व्हॉल्व्ह करून पाहिले. पण दोन जाळ्यांच्या तारा एकमेकींच्या आड अचूक बसवणे तिला फार कठीण वाटले आणि ती रचना अमेरिकेत आरसीए कंपनीकडे गेली. आरसीएने १९३६ मध्ये तिचा ६एल६ केला. तो इतका यशस्वी झाला की पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, एम-ओ व्हॉल्व्ह कंपनीने त्याच धर्तीवर आपला केटी६६ काढला.

म्हणजे पेंटोडला पर्याय म्हणून झोतांची रचना, ती विलायतेत जमेना म्हणून अमेरिकेत ६एल६, आणि ६एल६ पाहून पुन्हा विलायतेत केटी६६! ज्याला आपण आद्य पुरुष समजून नमस्कार करतो तो स्वतःच दत्तक घराण्यातला निघाला. यात केटी६६ ला उणेपणा मुळीच येत नाही. तो उत्तम व्हॉल्व्ह होता. डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात ज्या अँप्लिफायरची रचना प्रसिद्ध केली आणि जिने घरगुती संगीतश्रवणाचे मानदंडच बदलले, तिच्यातही केटी६६ च होते. सांगायचे ते इतकेच की ‘मूळ’ हे पद कोणाला जन्माने मिळत नाही. एखाद्या जागी दीर्घकाळ नीट काम केल्याने ते मिळते.

याचे दुसरे उदाहरण तर अधिक गमतीचे आहे. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ मध्ये गिटारवाल्यांसाठी एक अँप्लिफायर तयार झाला. त्याचा नकाशा फेंडर या अमेरिकन कंपनीच्या ‘बासमन’वरून घेतलेला होता आणि आरंभी त्यात ६एल६ च्याच घराण्यातले ५८८१ हे व्हॉल्व्ह होते. पुढे त्यांच्या जागी विलायती केटी६६ आले आणि त्याच दशकात केटी६६ जाऊन ईएल३४ आले. ईएल३४ हा फिलिप्सच्या घराण्यातला खरा पेंटोड. सोय, भाव आणि पुरवठा पाहूनच अशा बदल्या होत असतात. पण मोठ्या आवाजात ईएल३४ ज्या तऱ्हेने फाटतो त्या फाटण्यावर एक अख्खी पिढी लुब्ध झाली, आणि आज मार्शलचा ‘मूळ आवाज’ म्हणजे ईएल३४ चाच आवाज असे पुष्कळ लोक समजतात. बदली नटाने भूमिका अशी गाजवावी की पुढे त्याचीच नक्कल व्हावी, हा प्रकार मराठी रंगभूमीच्या प्रेक्षकाला अपरिचित नाही.

इतके वाचून कोणी म्हणेल, मूळ म्हणून काही नसेलच तर मग काहीही बसवा! हा निष्कर्ष मात्र पहिल्या मोहापेक्षाही घातक आहे. मूळ व्हॉल्व्हला दैवी अधिकार नसला तरी मूळ यंत्राला काही मागण्या असतात, आणि त्या अत्यंत रोखठोक असतात. मार्शलचे यंत्र फाटलेल्या आवाजासाठी वाजवले जात होते आणि व्हॉल्व्हाबरोबर त्याची जुळणीही बदलत गेली. क्वाडचे यंत्र आवाज फाटू नये म्हणून बांधले आहे आणि त्याची जुळणी ठरलेली आहे. एकाचा न्याय दुसऱ्याला लावता येत नाही.

क्वाडच्या मागण्या आकड्यांत सांगतो. वाचकांनी घाबरून पान उलटू नये. प्लेटवर सुमारे ३४० व्होल्टचा दाब आहे. दोन्ही व्हॉल्व्हांच्या कॅथोडांखाली मिळून १८० ओहमचा एकच रोधक आहे. त्याच्यावर सुमारे २६ व्होल्ट पडतात, म्हणजे दोघांत मिळून १४४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. याचा हिशेब केला तर गाणे चालू असो वा नसो, प्रत्येक व्हॉल्व्हला वीस वॅटच्या वर उष्णता सतत सोसावी लागते. केटी६६ ची सोसण्याची मर्यादा २५ वॅट. म्हणजे यंत्र आपल्या नोकराला भरपूर राबवते, पण मारत नाही. आणि तापणाऱ्या तारेसाठी प्रत्येक केटी६६ ला १.२७ अँपिअर लागतात. विजेच्या ट्रान्सफॉर्मरचा हिशेब तेवढा धरून केलेला आहे.

या कसोटीवर उमेदवार एकेक पाहू. पहिला ६एल६. नाते जवळचे, पिनांची मांडणी जुळणारी, तार तापवायला ०.९ अँपिअर पुरतात, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला उलट आरामच. पण येथे नावापुढची शेपटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९३६ चा ६एल६ आणि त्याचे आरंभीचे भाऊ १९ वॅटच सोसू शकतात. ५८८१ हा २३ वॅट सोसतो. ६एल६जीसी ३० वॅट सोसतो. आडनाव एकच, पण एकाला त्या खुर्चीत बसवले तर तो लाल होऊन मरेल, दुसरा काठावर तग धरील आणि तिसरा निर्धास्त काम करील. ‘६एल६ चालतो’ असे नुसते सांगणारा सल्लागार ‘कुलकर्णी चांगले गातात’ असे सांगणाऱ्यासारखाच होय. कोणते कुलकर्णी?

दुसरा ईएल३४. व्हॉल्व्ह नामांकित, मर्यादा २५ वॅट. पण तो पेंटोड असल्यामुळे त्याचे पाचवे अग्र पहिल्या पिनेवर येते आणि ती पीन कॅथोडाशी जोडलेली असावी लागते. केटी६६ ला या पिनेची गरजच नसते. म्हणून सॉकेटाखालची जोडणी जाणकाराने पाहिल्याशिवाय हा पाहुणा घरात घेऊ नये. शिवाय त्याची तार दीड अँपिअर मागते. दोन व्हॉल्व्हांचे मिळून जवळजवळ अर्धा अँपिअर जास्त.

तिसरा दांडगा केटी८८. हा १९५६ मध्ये आला तो मोठ्या शक्तीच्या यंत्रांसाठी. याची तार १.६ अँपिअर घेते, म्हणजे जोडीमागे ०.६६ अँपिअरचा बोजा वाढतो. त्याचे कैवारी म्हणतात की क्वाडचा ट्रान्सफॉर्मर नियंत्रक आणि रेडिओ ट्यूनर यांनाही वीज पुरवण्याच्या बेताने केलेला होता. ते जोडलेले नसतील तर काही शिल्लक उरते. या म्हणण्यात तथ्य आहे. पण मिळवले काय, हा प्रश्न उरतोच. दाब तोच, आउटपुट ट्रान्सफॉर्मर तोच, तेव्हा शक्ती जवळपास तेवढीच राहणार. पैलवानाला बोलावून पाटावर पानसुपारीची तबके मांडायला सांगावे, असा हा व्यवहार आहे. त्याचा खुराक मात्र पैलवानाचाच.

आता प्रश्न येतो आवाजाचा. बसणारे व्हॉल्व्ह दोन-तीन निघाले, तर त्यांतला गोड कोणता? येथेच रेशमी, उबदार, खानदानी या विशेषणांचा पाऊस पडतो. मला त्या विशेषणांचा उपहास करायचा नाही. ऐकणाऱ्याला जे सुख होते ते खरेच असते. पण सुखाचे कारण त्याने सांगितलेलेच असेल असे नाही. क्वाड कंपनीने १९७८ मध्ये एक परीक्षा घडवून आणली. याच क्वाड टूबरोबर आपले पुढचे दोन ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर, ३०३ आणि ४०५, ठेवले आणि अनुभवी श्रोत्यांना कोणते यंत्र वाजते आहे ते न सांगता ऐकवले. निकाल असा लागला की श्रोत्यांची उत्तरे नाणे उडवून दिलेल्या उत्तरांहून निराळी ठरली नाहीत. एकीकडे व्हॉल्व्ह आणि दुसरीकडे ट्रान्झिस्टर, इतका जातिभेद असूनही जेथे कान फसतात, तेथे केटी६६ आणि ६एल६जीसी यांच्यातले अंतर शपथेवर सांगणाऱ्याने थोडे सबुरीने घ्यावे. परीक्षा कंपनीचीच होती हे विसरू नये, आणि प्रत्येक यंत्र त्याच्या शक्तीच्या आत वाजवले जात होते हेही ध्यानात ठेवावे. पण घरात आपण तरी याहून निराळे काय करतो?

मग आवाज असतो कोणाचा? माझ्या मते तो बहुतांशी जुळणीचा आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा असतो. मिरजेत घडवलेला तंबोरा ज्यांच्या घरी आहे त्यांना हे चटकन पटेल. तंबोऱ्याच्या तारा बदलाव्या लागतात. ती काही शोकाची गोष्ट नव्हे. तंबोरा बोलतो तो भोपळ्याने, तबलीने आणि घोडीवरच्या जवारीने. तार तेवढी योग्य जाडीची हवी. जास्त जाड तार त्याच सुराला चढवली तर ताण वाढतो, आणि तो सोसावा लागतो तबलीला. क्वाडचा ट्रान्सफॉर्मर हा त्याचा भोपळा आहे. डांबरासारख्या मसाल्यात बुडवलेली ती गुंडाळी जळाली तर नवी गुंडाळून मिळते. पण जुनी तबली फुटल्यावर नवी बसवावी, तसेच ते असते. म्हणून बदली निवडताना पहिला मान ट्रान्सफॉर्मरला द्यावा, दुसरा जुळणीला, तिसरा खिशाला आणि सगळ्यांत शेवटी व्हॉल्व्हच्या कुळाला.

यातून एक व्यावहारिक गोष्टही निघते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. व्हॉल्व्ह तापून लाल झाला की दोष व्हॉल्व्हवर येतो. पुष्कळदा तो बिचारा बळी असतो. त्याच्या जाळीमागचा जुना कपॅसिटर वयाने गळू लागलेला असतो, जाळीवर नको तो दाब येतो आणि व्हॉल्व्हमधून बेसुमार प्रवाह वाहतो. किंवा दोघांच्या पायाखालचा तो १८० ओहमचा रोधक अनेक वर्षे भाजून आपले मूल्य सोडून बसलेला असतो. अशा यंत्रात हॅमरस्मिथची सोन्याच्या भावाची जोडी घातली तरी तीही त्याच वाटेने जाणार. तेव्हा आधी कपॅसिटर आणि रोधक तपासावेत, मग व्हॉल्व्ह आणावेत. आणणार ती जोडी जुळवलेली असावी. एकाच रोधकावर दोघे उभे असल्यामुळे एक आळशी निघाला की दुसऱ्याच्या अंगावर काम पडते. आणि हे सारे जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. वीज काढल्यावरही त्या पेटीत जीव घेण्याइतका दाब काही काळ साठलेला राहतो.

अस्सलाच्या पक्षाचे एक म्हणणे मला मान्य करावयास हवे. जुन्या कारखान्यांत निर्वात पोकळी उत्तम साधत असे, लेप चांगले बसत, आणि ते व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे टिकत. ज्याच्याकडे खात्रीची जुनी जोडी आहे त्याने ती अवश्य वापरावी. कपाटात ठेवून पूजू नये. पण आजचे काम आजच्या कारखान्यांवरच चालणार आहे: रशियात सारातोव, स्लोव्हाकियात चाद्झा आणि चीनमधले काही कारखाने. विलायती ‘गोल्ड लायन’ हे नाव आता सारातोवच्या व्हॉल्व्हांवर छापले जाते; नावाचीदेखील बदली होऊ शकते ती अशी. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीची बातमी आली तेव्हा जगभरचे व्हॉल्व्हवाले हादरले, कारण मुळाची चर्चा करता करता बदलीचाही तुटवडा पडू शकतो हे कोणाच्या ध्यानातच नव्हते. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी रेडिओचे व्हॉल्व्ह केले होते. ते दिवसही मागे पडले.

म्हणून माझा कौल सरळ आहे. क्वाडसाठी आजच्या कारखान्यातला, तारेचा प्रवाह आणि वॅटची मर्यादा तपासून घेतलेला केटी६६ मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास ६एल६जीसी. ईएल३४ जोडणी पाहून, आणि केटी८८ ज्याच्यासाठी बांधला त्या यंत्रात. पीटर वॉकर यांच्या कंपनीचे ब्रीद मूळ ध्वनीच्या शक्य तितके जवळ जाणे असे होते. त्या ब्रीदात एक प्रामाणिक कबुली आहे: जवळ जाता येते, पोहोचता येत नाही. तबकडीवरचे गाणेही अखेर गायकाच्या गळ्याचा पर्यायच. तो पर्याय आपण आनंदाने घरात घेतला आहे. तो जे यंत्र इमानाने आपल्यापर्यंत आणते त्याला झेपेल तोच व्हॉल्व्ह बसवावा, आणि उरलेले पैसे तबकड्यांवर खर्च करावेत.